कावाले म्हणजे काय

४ जानेवारी

मायन्यापाशीच अडले आहे. ‘प्रिय’ लिहिलं तर तू नाक मुरडशील. ‘सप्रेम नमस्कार’ लिहिलं तर भाडेकरूला नोटीस पाठवल्यासारखं वाटतं. म्हणून मायन्याशिवायच सुरू करते. पत्र कुणाचं ते अक्षरावरून कळलं असेलच.

कामाचं लिहिते. संपादकबाई आठवतात? त्याच, ज्यांच्या टेबलासमोर उभं राहून आपण एकमेकींना नको नको ते बोललो आणि ज्या शेवटपर्यंत पेनाचं टोपण चावत बसल्या होत्या. त्यांचा परवा फोन आला. आता त्या प्रकाशनाच्या मुख्य झाल्या आहेत. म्हणाल्या, “ते नदीवरच्या बायकांचं पुस्तक कुठे आहे हो तुमचं?”

मी म्हटलं, “अर्धं माझ्या कपाटात आहे. अर्धं समुद्रापलीकडे.”

“मग जोडा ना!” म्हणाल्या. जणू काही फुटलेली बशी आहे.

तू विसरली असशील असं नाही, पण मला मुद्देसूद लिहायची खोड आहे, म्हणून सगळं पहिल्यापासून मांडते. बेटावरच्या त्या बाईंची कादंबरी. लिहिली फ्रेंचमध्ये, कारण मळ्याच्या मालकांची भाषा फ्रेंच आणि शाळेचीही तीच. त्यांची आई जी भाषा बोलायची, ती लिहायला त्यांना कुणी शिकवलीच नाही. कादंबरीतल्या बायका मालकाचे कपडे नदीवर धुतात आणि धुता धुता ‘कावाले’ करतात. पाण्यात उभं राहून एकीने ओळ टाकायची, दुसरीने ती झेलून उलटी फेकायची. अर्धी शिवी, अर्धं गाणं, आणि मधूनच गावातली एखादी बातमी, जी काठावरच्या मुकादमाच्या डोक्यावरून जायची. पहिला भाग मी मराठीत करायचा, दुसरा तू, अशी आपली वाटणी. मी म्हणत होते, कावालेला मराठी शब्द द्यावा, वाचणारीला ठेच लागू नये. तू म्हणत होतीस, शब्द आहे तसाच ठेवावा. लागू दे ठेच, परक्या वाटेवर लागतेच.

पुढे तू म्हणालीस, “तू वाचकांना मठ्ठ समजतेस.” मी म्हणाले, “तुला परकं दिसायची हौस आहे.” मग तू तुझा भाग पिशवीत कोंबलास, जिना उतरलीस, आणि त्याच उन्हाळ्यात ती लांबची नोकरी धरून निघून गेलीस. लोक जमिनीवरून भांडतात, दागिन्यांवरून भांडतात. आपण एका शब्दावरून भांडलो, आणि तोही आपल्या भाषेतला नाही.

लेखिकाबाई आता खूप म्हाताऱ्या झाल्या आहेत. त्यांनी पुन्हा परवानगी दिली आहे. अट एकच: भाषांतर करणाऱ्या दोघी होत्या ना, मग दोघीच हव्यात.

तेव्हा तुझा भाग पाठवावास, ही विनंती. बाकी इकडे सर्व ठीक. तिकडेही असेलच.

ता. क. शब्दाबद्दलचं माझं मत बदललेलं नाही.


२ फेब्रुवारी

तुझं उत्तर मिळालं. तीन वाक्यांच्या मजकुराला पत्र म्हणत असतील तर पत्र मिळालं. “भाग पाठवत नाही. माझंही मत बदललेलं नाही. गुडघ्याला तेल चोळत जा.”

पहिल्या दोन वाक्यांवर नंतर येते. आधी मला सांग, माझ्या गुडघ्याचं तुला कुणी सांगितलं?

आता भागाबद्दल. नाही पाठवायचा? ठीक आहे. मी स्वतःच दुसरा भाग करायला घेतला होता. तुला सांगणार नव्हते, पण लिहायला बसलं की माझ्या पोटात काही राहत नाही. नदीवरचं पहिलं मोठं प्रकरण घेतलं. त्यातली सगळ्यांत जहाल बाई मालकाचा सदरा दगडावर आपटत पहिली ओळ टाकते, ती जागा. एक आख्खा रविवार घालवला आणि झालं ते असं: “मालकांचा सदरा शुभ्र आहे; परंतु त्यांचे अंतःकरण मलिन आहे.”

हसू नकोस. वर्गात वाचून दाखवलं तेव्हा सगळ्या हसल्याच. आमच्या वर्गात एक नर्स आहे, सकाळची ड्यूटी संपवून थेट येते. ती म्हणाली, “बाई, ही धुणं धुतेय की शाळेत सुविचार वाचतेय?”

वर्गाचं तुला ठाऊक नसेल. (का असेल? तुला माझा गुडघा ठाऊक आहे, तर काय सांगावं!) गेल्या वर्षी मी नवा विषय सुरू केला. फ्रेंचमध्ये लिहिणाऱ्या, चित्रं काढणाऱ्या, नाटकं करणाऱ्या अशा बायका, ज्यांच्या आयांना फ्रेंच येत नव्हती. राज्य करणारे निघून गेले, भाषा मागे राहिली. आता त्या भाषेचं करायचं काय, हा प्रश्न ज्यांच्या पदरात पडला त्या बायका. कुणी ती उसवली, कुणी उलटी घातली, कुणी तिला चक्क ठिगळं लावली. प्राचार्यांना वाटलं होतं, कुणी फिरकणार नाही. म्हणून त्यांनी वर्गाला खोलीच दिली नाही. मग नाव घातलेल्या एवढ्या निघाल्या की आम्हाला रसायनशास्त्राची जुनी प्रयोगशाळा मिळाली. उंच स्टुलं, दगडी ओटे, ओळीने नळ आणि मोऱ्या. कायम कसला तरी आंबट वास. मी शिकवत असते आणि मागे एक नळ टपटपत असतो. पण खरं सांगू? नोकरी लागल्यापासून इतकी मजा मला कधी आली नाही. इथे मुली प्रश्न विचारताना हात वर करत नाहीत, सरळ भांडायलाच लागतात.

तुझ्या धुणाऱ्या बायका शिव्या छान देत असतील. माझ्या देत नाहीत. एवढं कबूल करते.

भाग पाठव.

पिपाणी

(सही करताना हात सवयीनेच गेला. आपल्या फ्रेंचच्या सरांनी दिलेली ही नावं तू अजून वापरतेस का? मी तर तुला मनातल्या मनात ‘ढोल’च म्हणते. दुसरं नावच आठवत नाही.)


१७ फेब्रुवारी

ढोल,

चोर सापडला. घरातच होता.

परवा दुपारी कॉलेजातून लवकर आले तर सासूबाई गॅलरीत खुर्ची टाकून, पाय वर घेऊन फोनवर. “अगं, तिचं वजन नाही वाढलेलं, पण जिना चढताना कण्हते. तेल आणून दिलं तर म्हणते वास येतो.” मला बघितल्यावर त्यांनी फोन ठेवायला हवा होता की नाही? नाही! उलट माझ्याकडे बोट करून तुला म्हणाल्या, “आली बघ, नंतर बोलू.”

“किती दिवस चाललंय हे?” मी विचारलं.

“दिवस कसले, वर्षं म्हण,” त्या म्हणाल्या. “चहा टाक.”

मग चहावर सगळं बाहेर आलं. हे गेले तेव्हा तू फोन केला होतास. मी कुणाशीच बोलत नव्हते, तो सासूबाईंनी घेतला. त्यांचा मुलगा गेला होता. तू त्यांच्याशी बोललीस, दुसऱ्या दिवशी पुन्हा बोललीस, आणि मग बोलतच राहिलीस. मला वाटायचं, रविवारी दुपारी त्या त्यांच्या बहिणीशी बोलतात. मी आवाज होऊ नये म्हणून दार लोटून घ्यायचे!

मी म्हटलं, “मला एका शब्दाने सांगितलं नाहीत.”

“तुमचं भांडण होतं, आमचं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “आणि तुला सांगितलं असतं तर तू मध्ये मध्ये चुका काढल्या असत्यास.”

त्या संध्याकाळी मी बराच वेळ स्वयंपाकघरात उगाचच भांडी लावत होते. राग आला होता असं नाही. ते वर्ष फार जड गेलं. आणि त्या वर्षात या घरात तुझा आवाज येत होता, फक्त दुसऱ्या खोलीत. हे कळल्यावर कसं वाटतं ते लिहायला मला शब्द सापडला नाही. तसा तो मला वेळेवर कधी सापडतो म्हणा.

सासूबाईंचं आता नवीन. त्यांना माझ्या वर्गाला यायचं आहे. “घरात बसून टीव्हीवरच्या रडक्या बायका बघण्यापेक्षा तुझ्या भांडखोर बायका बऱ्या,” असं म्हणतात. फ्रेंचचा गंध नाही. मी म्हटलं, आम्ही मराठीतही बरंच बोलतो, या. उंच स्टुलावर कशा चढणार ते बघू.

भाग पाठवणार नसशील तर निदान नदीचं एक प्रकरण पाठव. वर्गासाठी. तुझ्यामाझ्यातला प्रश्न तसाच राहू दे.

पिपाणी


११ मार्च

ढोल,

प्रकरण मिळालं. पाकिटावर ‘फक्त विद्यार्थिनींसाठी’ असं लाल शाईने लिहायची गरज नव्हती. तरी मी आधी एकटीने वाचलं. नर्स आणि इतर जणी यायच्या आत, प्रयोगशाळेतल्या मोडक्या स्टुलावर बसून.

“कॉलर पांढरी, कफ पांढरे, धुवू तरी काय गं?”
“आतला माणूस धुवायचा तर नदी पुरेल काय गं!”

इतका वेळ हसत होते की शिपाईमामा डोकावून गेले.

मग वर्ग. मी मुद्दाम काही न सांगता दोघींना दोन ओळी वाचायला दिल्या. एकीने वाचली, दुसरीने वाचली. छान, पण कागदी. नर्स म्हणाली, “असं बसून नाही होणार. हात रिकामे आहेत.” तिने पिशवीतून आपला ड्यूटीचा पांढरा कोट काढला, नळाखाली भिजवला आणि दगडी ओट्यावर दाणकन आपटला. त्या आवाजाने सगळ्या जाग्या झाल्या. कुणी रुमाल काढला, कुणी ओढणी, एकीने तर फळा पुसायचं फडकंच घेतलं. आपट, ओळ. आपट, उत्तर. आंबट वासाच्या त्या खोलीत पाणीच पाणी. आणि तुझ्या ओळी अशा काही चालल्या होत्या की बोलायची सोय नाही. मी मोरीच्या कडेला उभी, साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, हातात मूळ पुस्तक. खाली बघायची गरजच पडली नाही.

तुझं पान संपलं. थांबतील असं वाटलं. कुठल्या थांबतायत! मागच्या नळावरून ती शांत, चष्मेवाली मुलगी (आजवर हजेरीला सुद्धा नुसती मान हलवणारी) एकदम म्हणाली,

“प्राचार्यांच्या केबिनमध्ये पंखे चार चार गं!”

आणि नर्सने लगेच कोट आपटला,

“डोकं तरी तापतंच त्यांचं, हवा जाते पार गं!”

ढोल, मी बाई आहे त्या वर्गाची. मी गप्प करायला हवं होतं. मी टाळी दिली.

त्यानंतर सासूबाई. त्या स्टुलावर चढल्या नव्हत्याच, मोरीशेजारी खुर्चीत बसून सगळं बघत होत्या. त्यांनी नॅपकिन मागितला. दोनदा हलकेच आपटून अंदाज घेतला. मग माझ्याकडे बघत,

“सून माझी शिकली फार, परकी भाषा बोलते गं!”

कुणी झेलणार, त्याच्या आत स्वतःच,

“चहामध्ये साखर घालायची तेवढी मात्र भुलते गं!”

पोरींनी ओटे वाजवले. माझी अवस्था काय झाली असेल बघ. मी पण ओट्यावर हात मारून उत्तर द्यायला गेले, आणि मला काही सुचेना. इतकी वर्षं या प्रकारावर लिहिलं, भाषणं केली, परिषदांना गेले. आणि प्रत्यक्ष माझी पाळी आली तेव्हा मी तोंड उघडून उभी! शेवटी म्हटलं, “साखर, साखर, साखर गं…” आणि पुढे काही नाही. सगळ्या इतक्या हसल्या की तेच उत्तर ठरलं.

तेवढ्यात शिपाईमामा आले. सगळीकडे पाणी बघून म्हणाले, “बाई, प्रयोगशाळेत कपडे धुवायला मनाई आहे.”

“कपडे नाही धूत मामा,” चष्मेवाली म्हणाली, “अभ्यास चाललाय.”

ते म्हणाले, “मग ठीक,” आणि फडकं आणून पुसायला लागले. आम्हीही सगळ्या पुसायला लागलो.

बाकीचा भाग पाठव गं. मी आता विनंती करत नाही, हट्ट करते.

तुझी पिपाणी


३० मार्च

ढोल,

सगळा भाग मिळाला. पोस्टमनसमोरच, दारात उभ्या उभ्या पाकीट फोडलं. त्याला वाटलं, काहीतरी सरकारी आलं.

त्याबद्दल सविस्तर लिहीन. आज एक वेगळीच गंमत. त्या दिवसानंतर मुलींच्या तोंडात तो शब्द बसला आहे. नर्स आज उशिरा आली. कारण विचारलं तर म्हणाली, “लिफ्टमध्ये अडकलो होतो. मी आणि माझी मैत्रीण, आणि मध्ये ते मोठे डॉक्टर. इतकं कावाललं त्यांना, तळमजला येईपर्यंत! त्यांना वाटलं, आम्ही गाणं म्हणतोय.”

कावाललं! मी खडू हातात धरून तशीच उभी. तिला कळलंही नाही आपण काय बोललो ते. नंतर कान देऊन ऐकलं तर सगळीकडे तेच. “उगाच कावालू नकोस हं मला.” “त्या दोघी फार छान कावालतात.” काल तर सासूबाई भाजीवाल्याशी घासाघीस करून आल्या आणि चप्पल काढता काढता म्हणाल्या, “चांगला कावालला त्याला.”

मी म्हणत होते, मराठी शब्द द्या. तू म्हणत होतीस, त्यांचाच ठेवा. आणि या बायकांनी काय केलं, तर त्यांचा शब्द घेतला आणि त्याला मराठी प्रत्यय लावून कामाला जुंपला. कुणाची परवानगी नाही, तळटीप नाही. आता हा शब्द कुणाचा, मला सांग. माझं डोकं चालत नाही.

तू ‘मीच जिंकले’ असं लिहिणार, हे मला इथून दिसतंय. लिही. मीही तेच लिहिणार आहे.

पुढच्या आठवड्यात लेखिकाबाई वर्गाशी बोलणार आहेत, संगणकावरून. त्यांची लेक सगळं जुळवून देणार आहे. तूही ये. वेळ मी सासूबाईंकडे सांगून ठेवते, म्हणजे नक्की पोचेल.

पिपाणी


७ एप्रिल

ढोल,

तुझ्याकडे वादळ, म्हणून वीज नाही, म्हणून तू नाहीस. सगळं मान्य. पण तू काय गमावलंस ते ऐकण्याआधी खाली बस. बसलीस?

पडद्यावर बाई आल्या. लहानशा, चष्म्याआड डोळे मोठे दिसतात. मागे दोरीवर कपडे वाळत घातलेले. ते बघूनच मुलींनी टाळ्या वाजवल्या. बाईंना कळेना, टाळ्या कशाला. मी फ्रेंचमधून सांगितलं, “तुमच्या कपड्यांना.” त्या म्हणाल्या, “लेकीने धुतलेत. तिचं कौतुक करा.”

मी मराठीतून फ्रेंचमध्ये, फ्रेंचमधून मराठीत अशी ये-जा करत होते. घशाला कोरड पडली होती. आधी मुलींनी विचारलं, तुम्ही आईच्या भाषेत का लिहिलं नाही. त्या म्हणाल्या, “शाळेत आईची भाषा बोललं की गळ्यात लाकडी पाटी अडकवायचे. दुसरं कुणी ती भाषा बोलताना सापडेपर्यंत ती गळ्यातच. म्हणून आम्ही मुलं एकमेकांवर कान ठेवून असायचो. मला कान मिळाले ते तिथे.” असं म्हणून हसल्या. वर्ग मात्र हसला नाही.

मग मी विचारलं. आपला प्रश्न. म्हटलं, बाई, आम्ही दोघी मैत्रिणी तुमच्या एका शब्दावरून कितीतरी वर्षं बोललो नाही. कावाले. तो भाषांतरात ठेवायचा की बदलायचा, तुम्हीच सांगा. तुमच्या आईच्या भाषेत त्याचा नेमका अर्थ काय?

बाईंनी लेकीकडे बघितलं. लेक म्हणाली, “सांग आता.”

“काही अर्थ नाही,” बाई म्हणाल्या. “आमच्या भाषेत असा शब्दच नाही. तो मी केला.”

ढोल! बसली आहेस ना?

“आईपाशी आणि तिच्या मैत्रिणींपाशी शब्द होता,” त्या सांगत होत्या. “रोज वापरायच्या. मी त्यांच्या पायात पायात असायचे. पण मी शाळेत गेले, पाटी गळ्यात पडू नये म्हणून फ्रेंचच बोलू लागले, आणि तो शब्द माझ्यातून निघून गेला. पुस्तक लिहायला बसले तेव्हा विचारायला एकही जण उरली नव्हती. फार आठवलं. नुसता नाद यायचा कानात, ओल्या कपड्याचा आणि त्यांच्या हसण्याचा. त्या नादाचा एक शब्द केला. खोटा आहे. पण त्याच्या जागी मला फ्रेंच शब्द टाकवेना.”

मला भाषांतर करताना मध्येच थांबावं लागलं. नर्सने पाण्याची बाटली पुढे केली.

आणि मग मला आठवलं. ढोल, माझा प्रबंध! तिसरं प्रकरण! ‘कावाले या शब्दाची व्युत्पत्ती’! बेटावरच्या तीन भाषांतून मी त्याचं मूळ शोधून काढलं होतं! परीक्षकांनी त्याचं खास कौतुक केलं होतं! मी हे बाईंना सांगून टाकलं. कसं सांगितलं कुणास ठाऊक, तोंडातून गेलंच. त्या पडद्याच्या अगदी जवळ आल्या. म्हणाल्या, “पाठवा ना मला. मलाही कळू दे, तो आला कुठून.”

हसून हसून माझ्या डोळ्यांतून पाणी. वर्गाला भाषांतर करून सांगितल्यावर वर्ग स्टुलांवरून पडायच्या बेतात. सासूबाई म्हणाल्या, “पदवी परत घेतात का गं अशा वेळी?”

शेवटी चष्मेवालीने विचारलं, “तुमच्याकडे आता तो शब्द कुणी बोलतं का?” बाई म्हणाल्या, “पुस्तक शाळांत लागल्यापासून पोरीबाळी म्हणतात. त्यांना वाटतं, फार जुना आहे. मी सांगत नाही.” तेव्हा मी त्यांना आमच्या ‘कावाललं’, ‘कावालतात’बद्दल सांगितलं. नर्सने लिफ्टची गोष्ट सांगितली, मी फ्रेंचमध्ये केली. बाई ऐकत राहिल्या, आणि एकदम दोन्ही हात गालांवर ठेवून लेकीला म्हणाल्या, “ऐकलंस? तिकडे तो क्रियापद झालाय! आपल्याकडे अजून नामच आहे!”

त्यांचा चेहरा कसा झाला होता, ते मी तुला कुठल्याच भाषेत सांगू शकणार नाही. नातवंड चालायला लागल्याची खबर आल्यासारखा.

शब्द ठेवायचा. प्रत्ययांसकट. तळटीप नाही. ठरलं ना? ठरलंच.

पिपाणी


२ जून

ढोल,

मुद्रितं आली आहेत. सोबत पाठवते. नदीच्या प्रकरणात अक्षरजुळणी करणाऱ्याच्या संगणकाने आपल्या शब्दाला चूक समजून सगळीकडे दुरुस्त करून ठेवलं आहे. त्यामुळे सध्या आपल्या कादंबरीतल्या बायका पाण्यात उभ्या राहून ‘कावळे’ करतात. एका जागी ‘म्हातारीने सर्वांत मोठा कावळा टाकला’ असं वाक्य आहे. मला ते इतकं आवडलं आहे की खोडवत नाही. पण खोडते.

मुखपृष्ठावर आधी कुणाचं नाव, यावर तुझं म्हणणं पोचलं. वर्णानुक्रमे गेलं तर तू आधी, वयाने गेलं तर मी आधी, आणि तुझं म्हणणं काय, तर पहिल्या आवृत्तीत तुझं आधी आणि दुसरीत माझं. दुसरी निघेल याची तुला एवढी खात्री आहे, हे वाचून मी लगेच होकार कळवला.

आणि गेल्या आठवड्यापासून सासूबाईंनी तुझ्या येण्याची तयारी काढली आहे. तू सप्टेंबरात येणार! गाद्या उन्हात टाकून झाल्या. मी म्हटलं, अजून तीन महिने आहेत. तर म्हणाल्या, “मग काय, आयत्या वेळी टाकू?”

एक विचारायचं राहिलं. उतरशील तेव्हा मी ओळखेन ना तुला? केस पिकलेत का? माझे पिकलेत. सासूबाईंनी सांगितलं असेलच.

पिपाणी


२० सप्टेंबर

ढोल,

तू काल गेलीस आणि आज मी पत्र लिहायला बसले. घरात अजून तुझ्या त्या भयंकर साबणाचा वास आहे.

तू निघाल्यावर काय काय झालं ते सांगते. प्रकाशनाच्या दिवशी आपल्या दोघींचं वाचन चालू असताना मागच्या रांगेत प्राचार्य बसले होते, हे तुला दिसलं नाही. मलाही नाही, नाहीतर मी ती पंख्यांची ओळ म्हटली नसती. आज त्यांनी बोलावलं. मी मनाची तयारी करून गेले. पुस्तक टेबलावर होतं, त्यात खूण घातलेली. म्हणाले, “बाई, मला एक सांगा. हे माझ्याबद्दल किती दिवस चाललंय?” मी म्हटलं, “मार्चपासून.” ते म्हणाले, “मग उत्तर द्यायला मला एवढी वाट का बघायला लावलीत?” आणि ढोल, त्या माणसाने टेबलावर थाप मारून एक ओळ म्हटली! अगदीच वाईट होती, यमक सुद्धा नव्हतं. पण वर्गाला पुढच्या वर्षीही प्रयोगशाळाच हवी, असं मी म्हटल्यावर त्यांनी लगेच सही केली. टपटपणारा नळही दुरुस्त करतो म्हणाले. मुली नको म्हणतात.

संपादकबाईंनी सांगितलं, त्या दिवशीच्या आपल्या भांडणानंतर त्यांनी पेनांची टोपणं चावणं सोडलं होतं. पहिलं प्रकरण कुणी वाचायचं यावरून आपण व्यासपीठावर जुंपलो, तेव्हा पुन्हा सुरू झालं.

सासूबाई तुझ्या रिकाम्या खोलीत दुपारी जाऊन झोपतात. विचारलं तर म्हणतात, तिथे वारा चांगला येतो. रविवारी फोन कर. आता मी दार लोटणार नाही. आतच बसणार आहे, आणि मध्ये मध्ये चुकाही काढणार आहे.

आता महत्त्वाचं. बाईंनी त्यांची दुसरी कादंबरी धाडली आहे, सोबत निरोप: “ही पण दोघींनीच.” काल तुला विमानतळावर सोडून आले आणि तशीच उघडून बसले. बेटावरच्या चार बहिणी, एका आवाजात बोलतात. पुस्तकाचा पहिलाच शब्द फ्रेंचमध्ये एक आहे, मराठीत त्याचे दोन होतात. ‘आम्ही’ की ‘आपण’?

तू ‘आम्ही’ म्हणणार, मला ठाऊक आहे. त्या चार बहिणी, त्यांचं ते आयुष्य, वाचणारीने उगाच त्यात घुसू नये, वगैरे. तुझे सगळे मुद्दे मला इथून ऐकू येतायत, आवाजासकट.

मी ‘आपण’ लिहिलं आहे. खोडून दाखव.

पिपाणी